सायकल सापडली होती का?

तुमच्या घरी असं होतं का बघा. नवरा-बायको एकाच सोफ्यावर बसलेत. त्याच्या हातात त्याचा मोबाइल, तिच्या हातात तिचा. तो क्रिकेट बघतोय, ती मालिका. मध्येच एकाला हसू येतं. दुसरा विचारतो, "काय झालं?" उत्तर येतं, "काही नाही, असंच."

आमच्या घरी गेली तीन वर्षं हेच चाललंय. बाबा रिटायर झाले तेव्हा आईला वाटलं होतं, आता दोघं मिळून काहीतरी करू. प्रत्यक्षात घरात फक्त एक स्मार्टफोन वाढला. मीही त्यातलीच. दिवसभर लॅपटॉपवर कंटेंट लिहायचं आणि रात्री मोबाइलवर दुसऱ्यांचं कंटेंट बघायचं!

म्हणून या वेळी तुम्हाला एक घरातलीच गोष्ट सांगते. आमच्या सोसायटीत तीन दिवसांचा छोटासा फिल्म फेस्टिव्हल झाला. आई-बाबा लग्नानंतर पहिल्यांदाच अशा ठिकाणी दोघं मिळून गेले. आणि रविवारी रात्री त्यांचं भांडण झालं, तेही १९९६ सालच्या एका गोष्टीवरून.

जमनापारची पाहुणेमंडळी

आम्ही दिल्लीत मयूर विहार फेज वनमध्ये राहतो. दिल्लीकर या भागाला 'जमनापार' म्हणतात, म्हणजे यमुनेच्या पलीकडचा. आमच्याकडे मराठी घरं मोजकी, पण मल्याळी आणि बंगाली कुटुंबं भरपूर. जवळच उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर आहे, आणि आचार्य निकेतनच्या बाजारात भाजी घेताना चार भाषा कानावर पडतात.

मल्याळी आणि बंगाली शेजारी असले की सिनेमाची चर्चा चुकत नाही. केरळात गावोगावी फिल्म सोसायट्या चालल्या, आणि सत्यजित राय यांनी मित्रांबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी काढली ती १९४७ मध्येच. तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या मल्याळी अंकलनी थंडी ओसरता ओसरता सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: कम्युनिटी हॉल, शुक्रवार ते रविवार, रोज संध्याकाळी एक सिनेमा, भाड्याचा प्रोजेक्टर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. प्रवेश फुकट, शाल आपापली आणावी.

यादी अशी होती. शुक्रवारी माजिद माजिदी यांचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन', शनिवारी आपला 'श्वास', रविवारी व्हित्तोरिओ दे सिका यांचा इटालियन 'बायसिकल थीव्ह्ज'.

बाबा खूश. पण यादी वाचून म्हणाले, "रविवारचा नको. फार जुना आहे तो, काळा-पांढरा." मला नवल वाटलं. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांवर तर त्यांचा जीव! पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

आई म्हणाली, "तुम्ही जा. मला नाही कळत ते फेस्टिव्हलचे सिनेमे."

ऐकलेले सिनेमे

आता एक खरं सांगते. हे वाक्य मुळात आईचं नाहीच. ते बाबांचं.

नव्वदच्या दशकात भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, अनेकदा दिल्लीत भरायचा. २००४ पासून तो गोव्यात गेला. त्याआधी सिरी फोर्ट सभागृहाबाहेर जानेवारीच्या थंडीत लोक रांगा लावायचे. बाबांचे एक सहकारी पास मिळवायचे. ऑफिस सुटलं की दोघं परस्पर तिकडे. शहरातल्या एका फिल्म सोसायटीचेही ते सभासद होते. आई विचारायची, "मी येऊ का?" बाबा म्हणायचे, "अगं, तुला कंटाळा येईल. कळत नाहीत ते सिनेमे पटकन." शिवाय दादा लहान होता. त्याला कुणाकडे ठेवणार?

तेव्हा आमच्याकडे मेट्रो नव्हती. बाबा बस बदलत रात्री साडेदहाला घरी यायचे. आई पोळ्या गरम करायची आणि बाबा जेवता जेवता सिनेमाची पूर्ण गोष्ट सांगायचे. कोण कुठे उभं होतं, पाऊस कसा पडत होता, सगळं. आईला जपानी सिनेमे माहीत आहेत, रशियन माहीत आहेत. तिने त्यातला एकही बघितलेला नाही. तिने ते ऐकलेत.

लहानपणी मला हे फार गोड वाटायचं. मैत्रिणींना मी कौतुकाने सांगायचे. पण जो माणूस जेवता जेवता अख्खा सिनेमा उभा करायचा, त्याने तिला एकदा बरोबर का नेलं नाही, हा प्रश्न मला पडला तो पंचविशी ओलांडल्यावर.

फाळके दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले

आईला तयार करायला मी माझी बीए इंग्रजीची सगळी अक्कल पणाला लावली. तिला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली.

१९११ चा एप्रिल महिना, ईस्टरचे दिवस. मुंबईत गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाचं थिएटर होतं. फाळके मोठ्या मुलाला घेऊन तिथे गेले. पडद्यावर हलणारे प्राणी बघून मुलगा घरी आला आणि त्याने आईला सांगितलं. कुणाला खरंच वाटेना. मग फाळक्यांनी काय केलं असेल? नुसतं समजावून सांगत बसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सरस्वतीबाईंना आणि घरच्यांना घेऊन पुन्हा थिएटरात गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट होता. तो बघता बघता फाळक्यांच्या मनात आलं की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसणार?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पण त्यामागे सरस्वतीबाईंचे हात किती होते, हे कमी जणांना माहीत असतं. त्यांचे दागिने गहाण पडले. कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडायचं काम त्या शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या. शूटिंगच्या माणसांचा रोजचा स्वयंपाक त्यांच्याकडे. उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या.

हे चालू असताना शेजारच्या बंगाली काकू आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "आमच्या रायबाबूंचंही तसंच." १९५० मध्ये सत्यजित राय नोकरीच्या कामाने लंडनला गेले तेव्हा पत्नी बिजोया बरोबर होत्या. त्या काही महिन्यांत राय यांनी शंभराच्या आसपास सिनेमे बघितले. त्यातल्याच 'बायसिकल थीव्ह्ज'ने त्यांचं ठरवून टाकलं की सिनेमा करायचा तर असा. आणि 'पथेर पांचाली'चे पैसे संपले तेव्हा दागिने निघाले ते बिजोयांचे.

आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि बाबांकडे बघून म्हणाली, "फाळके दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले हो!"

बाबांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

सांगू नका, मला बघायचंय

तरी शुक्रवारी बाबा एकटेच खाली गेले. रात्री परत आले, जेवायला बसले आणि जुन्या सवयीने सुरू झाले. "अगं, एक लहान भाऊ-बहीण असतात. बहिणीचे बूट हरवतात..."

आईने पोळी ताटात वाढली आणि म्हणाली, "सांगू नका. उद्यापासून मी येते. मला बघायचंय."

शनिवारी 'श्वास'. संदीप सावंत यांचा हा सिनेमा अजूनही बघितला नसेल तर जरूर बघा. 'श्यामची आई'नंतर जवळपास ५० वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच सिनेमामुळे. कोकणातले आजोबा, अरुण नलावडे, नातवाला शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. छोट्या परशाच्या डोळ्यांना कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागणार, आणि त्यात त्याची दृष्टी जाणार. डॉक्टरांचा आग्रह असतो की ऑपरेशनआधी मुलाला खरं सांगितलंच पाहिजे.

तुम्ही कधी परप्रांतात मराठी सिनेमा बघितलाय का? मजा येते. खाली इंग्रजी सबटायटल असतात. वाचणारे लोक पात्र बोलायच्या आधीच हसून मोकळे होतात! पण काही जागा सबटायटलमध्ये उतरतच नाहीत. आजोबांचं नुसतं "काय रे" म्हणणं. अशा जागी अख्ख्या हॉलमध्ये आम्ही तिघंच हसत होतो. आई तर इतकी मोकळी हसली की पुढच्या रांगेतल्या आंटीनी वळून बघितलं. आणि शेवटी ती रडली तेव्हा त्याच आंटीनी तिला रुमाल दिला.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरांचं बरोबर होतं. पोराला सांगायलाच हवं."

रविवारची गोष्ट

रविवारी बाबांचं काहीतरी बिनसलेलं होतं. "थंडी आहे," म्हणाले. "सबटायटल इंग्रजीत आहेत, तुला वाचायला त्रास होईल," म्हणाले. आई शाल घेऊन तयार होती.

'बायसिकल थीव्ह्ज' १९४८ चा. दीड तासाचा. युद्धानंतरचं रोम, सगळीकडे बेकारी. अंतोनिओला भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. त्याची सायकल गहाण पडलेली. मग त्याची बायको मारिया काय करते? पलंगावरच्या चादरी काढते, धुते, आणि त्या गहाण ठेवून सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीला जाते. मग पुढचा सगळा सिनेमा बाप आणि त्याचा लहान मुलगा शहरभर ती शोधत फिरतात.

१९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव मुंबईत भरला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला, त्यात हा सिनेमा होता. तो बघून बिमल रॉय यांनी 'दो बिघा जमीन' काढला.

सुरुवातीला बाबा आईच्या कानात भाषांतर करत होते. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "जरा गप्प बसा. कळतंय मला." खरंच कळत होतं. सायकल गेली हे कळायला इंग्रजी कशाला लागतं?

शेवट जवळ आला तसे बाबा खुर्चीत चुळबुळ करू लागले. "चल, निघू या का? गार वारं सुटलंय." आईने मान हलवली नाही.

शेवट तुम्हाला सांगावाच लागेल, त्याशिवाय माझी गोष्ट पुढे जात नाही. सायकल सापडत नाही. हताश होऊन अंतोनिओ दुसऱ्याची सायकल पळवायला जातो आणि पकडला जातो. लोक त्याला थोबाडीत मारतात, आणि हे सगळं त्याचा मुलगा बघतो. मुलाकडे बघून सायकलवाला अंतोनिओला सोडून देतो. बाप रडतो, मुलगा त्याचा हात धरतो आणि दोघं गर्दीत मिसळून जातात.

दिवे लागले. आई तशीच बसून होती. मग बाबांना म्हणाली, "सायकल सापडली होती ना?"

बाबा गप्प.

"तुम्ही मला सांगितलं होतं, सापडली. पोलिसांनी आणून दिली, मारियाने दिवा लावला."

मी दोघांकडे बघत राहिले. मग मला कळलं.

१९९६ च्या हिवाळ्यात आमची स्कूटर इमारतीखालून चोरीला गेली होती. कर्जाचे हप्ते अजून बाकी होते. दादा दीड वर्षांचा. आई त्या दिवसांत फार रडायची. पंधरा-वीस दिवसांनी बाबांनी फिल्म सोसायटीत 'बायसिकल थीव्ह्ज' बघितला, रात्री घरी आले, आणि आईला सांगताना शेवट बदलला.

हॉलमधून आमचं घर दोन मिनिटांवर. पण दोघं गेटबाहेर बाजाराच्या दिशेने चालू लागले. मी मागे. सगळी दुकानं बंद होत होती.

बाबा म्हणाले, "तू आधीच खचली होतीस. तुला आणखी एक वाईट गोष्ट कशाला सांगायची, असं वाटलं."

तुम्हाला वाटेल, आई विरघळली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. किती प्रेमळ खोटं!

आई थांबली. म्हणाली, "मी सहा महिने रोज सकाळी खिडकीतून खाली बघायचे. म्हटलं, त्यांची सापडली तर आपली का नाही सापडणार? तुम्हाला माहीत होतं की तशी गोष्ट नाहीये. मला माहीत नव्हतं."

"मी काय, मीही वाटच बघत होतो."

"मग दोघांनी मिळून बघितली असती की." आणि मग थोडं थांबून, "त्या परशाला सांगितलं डॉक्टरांनी. एवढासा तो! मी तर बत्तीसची होते."

बाबांकडे उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नव्हतं.

परत येताना गेटपाशी आई एकदम म्हणाली, "ती मारिया पुढे कुठे दिसलीच नाही हो. चादरी तिच्या गेल्या, आणि ती घरी बसून. तो घरी गेल्यावर त्याने तिला काय सांगितलं असेल?"

बाबा म्हणाले, "खरं सांगितलं असेल."

"सांगावंच लागलं असेल. पोरगा बरोबर होता ना!"

आणि दोघं हसली. भांडण संपलं असं मी म्हणणार नाही. आई दोन दिवस कमी बोलत होती. पण तिसऱ्या दिवशी बाबांनी मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, "आणखी कुठले सिनेमे मी तुला सांगितले होते? आठवतात?" आता फ्रीजवर आईच्या अक्षरातली यादी आहे. दर रविवारी त्यातला एक. किती शेवट बदललेले निघतात ते बघू!

तुम्हीही जा, पण दोघं

माणूस आपल्याला काय सांगतो, त्यावर प्रेम कळतं हे खरं. पण सांगणाऱ्याच्या हातात गोष्ट राहते आणि ऐकणाऱ्याच्या हातात विश्वास. शेजारी बसून बघितलं की दोघांच्या हातात सारखंच येतं, चांगलंही आणि वाईटही. म्हणून जवळपास कुठे फेस्टिव्हल असेल तर जोडीने जा.

दिल्लीत असाल तर लोधी रोडच्या इंडिया हॅबिटॅट सेंटरकडे लक्ष ठेवा. २००६ पासून तिथे भारतीय भाषांमधल्या सिनेमांचा महोत्सव भरत आलाय. मयूर विहारहून पिंक लाइनने लाजपत नगर, तिथून व्हायोलेट लाइनने जवाहरलाल नेहरू स्टेडियम, पुढे रिक्षा. पुण्यात जानेवारीच्या सुमारास 'पिफ' असतो, २००२ पासून. गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फी. आणि काहीच नसेल तर सोसायटीचा हॉल आहेच.

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

एक, दिवसाला एकच सिनेमा बघा. दोन-तीन एकदम बघितले तर बोलायला वेळच उरत नाही, आणि खरी मजा परतीच्या वाटेवरच्या बोलण्यात असते.

दोन, नोंदणी आधी करा आणि अर्धा तास लवकर पोहोचा. बऱ्याच ठिकाणी जो आधी येईल त्याला जागा मिळते. गुडघे दुखत असतील तर कडेची खुर्ची धरा. एसी हॉलमध्ये शाल हवीच.

तीन, सिनेमा चालू असताना समजावून सांगू नका. समोरच्याला तुमच्यापेक्षा वेगळं काही दिसत असेल. आईला मारिया दिसली. बाबांनी तो सिनेमा दोनदा बघितला, तरी त्यांचं लक्ष मारियाकडे गेलं नव्हतं.

चार, घरात लहान मूल असेल, कुणी आजारी असेल, तर "तुला कंटाळा येईल" असं म्हणून विषय संपवू नका. एक दिवस शेजाऱ्यांना विनंती करा, एक दिवस सासूबाईंना. आमच्या बंगाली काकू म्हणाल्या, "तेव्हा मला विचारलं असतं तर मी सांभाळलं असतं की दादाला!" २८ वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आज रात्री जेवताना एक प्रश्न विचारून बघा. असा कुठला सिनेमा आहे, जो तुमच्यातल्या एकाने बघितला आणि दुसऱ्याने फक्त ऐकला? सापडला तर या रविवारी दोघं मिळून लावा. आणि शेवट वेगळा निघाला, तर मला जरूर कळवा!